ब्युरेटवरचा केस

आमच्या घरात पिवळे हात नसलेलं एकही माणूस नव्हतं. माघ लागला की आई, बाबा आणि आम्ही तिघी बहिणी डोंगरकड्याच्या शिवारात ज्याची हळद काढणीला आली असंल त्याच्या शेतात राहायला जायचो. राहायचं म्हणजे डोक्यावर ताडपत्री आणि खाली तुराट्या. बाबा कढईवर हळद शिजवायचे. आई आणि आम्ही ती पसरायचो, उलटायचो, वेचायचो. एका साली कढई कलंडली आणि बाबांच्या डाव्या पायावर उकळतं पाणी गेलं. दोन महिने ते उठले नाहीत. त्या साली मोठ्या बहिणीनं शाळा सोडली, पुढच्या साली दुसरीनं. माझी पाळी आली तेव्हा आई म्हणाली, हिला राहू द्या शाळेत, ही कामाला तशी बी ढिलीच हाय. मी शिकले ती अशी.

आमच्या घराण्यात माझ्या आधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. आणि याच अभिमानानं पुढं एका माणसाचा घात केला. तो माणूस म्हणजे जब्बारमामू.

मामू हिंगोलीत आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. शिक्षण नववी नापास. बारीक अंगाचे, गळ्यात काळ्या दोरीनं बांधलेला चष्मा, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी धुऊन घडी केलेला मलमलचा तुकडा. तो फक्त काच पुसायला. घाम आला तर बाहीनं पुसतील, पण त्या तुकड्याला चेहरा लागू द्यायचे नाहीत. ब्युरेट, म्हणजे ती आकड्यांच्या रेषा असलेली लांब उभी काचेची नळी, हातात घेतली की आधी नखानं टकटक करायचे आणि कान लावायचे. कुठं तडा असला तर डोळ्याला दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायचा.

पोरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते ठेवत नसत. गावाच्या नावानं हाक. ए कनेरगाव, नळ बंद कर. ए बाळापूर, ॲसिड तोंडापाशी काहून नेऊन राहिला, सरबत हाय का ते? मी अर्थात डोंगरकडा.

पहिल्याच प्रॅक्टिकलला माझी बोटं बघून शेजारच्या मुली हसल्या. हळद वाळवणं-वेचणं त्या साली पाऊस लागेपर्यंत चाललं होतं, नखांच्या कडांना रंग तसाच होता. मी हात ओढणीत लपवून उभी. मामूंनी ते पाहिलं. आले, माझा हात धरून टेबलावर ठेवला आणि कपड्याच्या साबणाचं पाणी बोटांवर ओतलं. बोटं लालभडक झाली. सगळा वर्ग जमला. मामू म्हणाले, तुमी बाटलीतला इंडिकेटर वापरता, ही पोरगी सोबत घेऊन आलीय. मग लिंबू पिळलं, बोटं परत पिवळी, इंडिकेटरचा रंग ॲसिडमध्ये पालटतो तशी. त्या दिवशी हसणाऱ्या मुलींनी माझी बोटं आळीपाळीनं साबणाच्या पाण्यात बुडवून पाहिली. मला ते आवडलं नाही असं म्हणता येणार नाही.

शिकवणं त्यांचं काम नव्हतं, पण टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब ॲसिड सोडत फ्लास्कमधला रंग पालटण्याच्या नेमक्या थेंबाला, एंड पॉइंटला, थांबणं, आम्हाला त्यांनीच शिकवलं. मागून येऊन मान धरायचे आणि खाली दाबायचे. डोळा रेषेवर आण, रेष डोळ्यावर न्हाई. आणि दुसरं म्हणजे, ब्लँक घेतला का? ब्लँक म्हणजे ज्याची परीक्षा करायची ती वस्तू सोडून बाकी सगळं तसंच ठेवून घेतलेलं रीडिंग. वस्तू नसताना काय होतं हे माहीत नसंल, तर वस्तूमुळं काय झालं हे सांगणारा तू कोण, असं ते विचारायचे. आम्हाला तो कंटाळ्याचा भाग वाटायचा.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. पहिल्या तुकडीत सगळ्यांची रीडिंगं चुकली. परीक्षक चिडले, म्हणाले, इथं काही शिकवतात की नाही. आमचे सर मान खाली घालून उभे. मामू पुढं झाले आणि म्हणाले, साहेब, परवानगी असंल तर एक ब्लँक घेतो. नुसतं पाणी घेतलं, दोन थेंब इंडिकेटर टाकला आणि ब्युरेटची तोटी सोडली. नुसतं पाणीच ॲसिड पिऊ लागलं, रंग पालटेना. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये बोअरचं पाणी होतं. परीक्षकांनी विचारलं, कॅन कोणी भरला? मामू म्हणाले, मी भरला. चूक माझी. लेकरांची रीडिंगं बराबर हायत, सगळ्यांच्या रीडिंगमधून एवढं वजा करा. सगळ्या खोलीसमोर, एका दमात. आवाज जराही हलला नाही. मी ते पाहिलं होतं. पाहून काय शिकले, ते पुढं येईल.

मामूंना साखरेची बीमारी होती. ते शुगरची बीमारीच म्हणत, काही लोक म्हणतात तसं 'थोडीशी शुगर' असं कधी नाही. त्यांचे थोरले भाऊ आखाडा बाळापूरला शिंपीकाम करायचे. साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. शेवटी शेवटी ते मशीनवर बसून नुसतं चाक फिरवायचे, कापड न लावता. मामू महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जात आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फारसे बोलत नसत.

मग मामूंच्याही डोळ्याच्या पडद्यावर ठिपके आल्याचं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. साखर बांधून ठेवा, गोळी चुकवू नका, सहा महिन्यांनी दाखवा. मामूंना मरणाची भीती नव्हती, असलीच तर बोलून दाखवली नाही. भीती एकच. मला एकदा म्हणाले,

"पाय गेला तर स्टुलावर बसून ब्युरेट वाचता येती. डोळा गेला तर उभा राहून काय करू?"

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. एवढी तीन वर्षं डोळे द्या, असं ते नमाजात मागत असतील, असा माझा अंदाज.

मी तोवर एम.एस्सी. करून त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते. मामू पोरांसमोर मला मॅडम म्हणायचे आणि पोरं गेली की डोंगरकडा. विभागात महिन्याला एकानं काहीतरी नवीन वाचून बाकीच्यांना सांगायचं, अशी पद्धत होती. माझी पाळी आली तेव्हा मी कोकोवरचा लेख निवडला. कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हॅनॉल नावाची कडवट द्रव्यं असतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात त्यांचा काही फायदा होतो का, याच्या बऱ्याच अभ्यासांचा तो आढावा होता. इंग्रजी लेख, बारीक अक्षर. मी सुरुवातीचा गोषवारा वाचला आणि शेवटचा निष्कर्ष वाचला. मधलं पाहिलं, वाचलं नाही. बोलायला तेवढं पुरतं, हे मला तोवर कळलं होतं.

छान बोलले मी. रक्तवाहिन्या सैल होतात, काहींच्या शरीरात इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागतं. सर लोकांनी माना डोलावल्या. मामू दारात उभे होते. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"मॅडम, ज्यांना कोको दिला, त्यांच्या गोळ्या चालू होत्या का बंद?"

खोलीत पाच सर बसले होते, सगळे पीएच.डी. मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही हे तीन अक्षरी-दोन अक्षरी शब्द तोंडातून निघाले नाहीत. डोंगरकड्याहून इथवर आलेली पोरगी, आणि लॅबच्या मामूंनी विचारलेलं येत नाही. मी म्हणाले, बंदच असणार मामू, नाहीतर फरक कोकोमुळं पडला का गोळीमुळं, कसं कळंल?

मामू म्हणाले, "बराबर." कारण ते त्यांचंच गणित होतं.

पुढं जे केलं ते त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. आधी बेकरीतून कोको आणला, काळाकुट्ट. चमचाभर पाण्यात कालवून त्यात पीएचचा कागद बुडवला. कागद हिरवा झाला. मामू म्हणाले, ह्याला कारखान्यात आधीच सोडा पाजलाय, रंग चढावा म्हणून, ह्यातलं औषध धुऊन गेलं असंल. ही गोष्ट खरी आहे, अल्कली लावली की फ्लॅव्हॅनॉल बरेच कमी होतात, लेखातही होती. मधल्या भागात. मी वाचली नव्हती, नववी नापास माणसानं कागदाच्या पट्टीवरून ओळखली. मग कोणाला तरी सांगून मोठ्या शहरातून दुसरा कोको मागवला, फिकट, तांबूस, वासाला आंबूस. कागद पिवळा झाला. हा चालंल, म्हणाले.

कॉलेजचा तराजू खासगी कामाला वापरायचा नाही हा त्यांचा नियम. म्हणून बाजारातल्या सोनाराकडं जाऊन पुड्या तोलून आणल्या. सोनारानं विचारलं म्हणे, मामू, हे काय, सोन्याची माती? मामू म्हणाले, डोळ्याची.

घरी शमीममामी, त्यांची बायको, वैतागली. मी एकदा गेले तेव्हा मामू साखर नसलेला कोको गरम पाण्यात कालवून, डोळे मिटून पीत होते. मामी मला म्हणाली, बेटी, तीस साल मेरे हाथ की चाय को नाम रखे, अब ये काला काढा चुपचाप पी रहे. मामू म्हणाले, तू बी घे अर्धा कप, जुबान जरा गोड होईल. मामी म्हणाली, मेरेकू नक्को, मेरी जुबान कडवीच अच्छी, तुमकू डर तो रहता. मीही हसले. त्या घरात मी पोटभर हसले असा तो शेवटचा दिवस.

दिवाळीनंतर सुरू झालेलं हे, फेब्रुवारीपर्यंत चाललं. मामू वाळत चालले होते. मला वाटलं, चालायला जात असतील. प्रॅक्टिकल चालू असताना मधेच बाहेर जाऊन नळाला ओंजळ लावून पाणी प्यायचे, पुन्हा पुन्हा. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., रोज बघत होते.

त्या दिवशी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. मी टेबलांमधून फिरत होते. मामू खिडकीजवळच्या टेबलापाशी एक ब्युरेट पुसत उभे होते. मलमलचा तुकडा वरून खाली, वरून खाली. उजेडाकडं धरून बघायचे आणि पुन्हा पुसायचे. मी एक फेरी मारून आले तरी तेच. टेबलावरची मुलगी म्हणाली, मामू, साफ आहे की.

"केस चिकटलाय," मामू म्हणाले. "निघंना गेलाय."

मी पाहिलं. काच लख्ख होती. विचारलं, कुठंय केस?

"हा काय. वीसच्या रेषेपासून खाली चाललाय."

मी दुसरी ब्युरेट आणून हातात दिली. तिच्यावरही केस होता. मग मामूंनी हळूच मान वळवून भिंतीकडं पाहिलं. चुन्याची पांढरी भिंत. बराच वेळ पाहिलं. हातानं डावा डोळा झाकला, मग तो उघडून उजवा झाकला. तुकड्याची घडी केली, खिशात ठेवली आणि मला अगदी हळू म्हणाले,

"मॅडम, पोरांना सुट्टी देऊ नका. रीडिंग अर्धवट ऱ्हाईल. मी जरा बाहेर बसतो."

बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसले होते. मी विचारलं, मामू, गोळी घेतली का सकाळी? ते माझ्याकडं असं बघत राहिले, जणू मी विचारायला नको ते विचारलं. म्हणाले, गोळी तर कोको चालू करायच्या पंधरा दिवस आधीपासून बंद हाय. तूच तर सांगितलं.

पिशवीतून वही काढून दिली. शाळेची दुरेघी वही. डाव्या बाजूला ब्लँक, म्हणजे गोळी नाही, कोको नाही. उजव्या बाजूला गोळी नाही, कोको आहे. उपाशीपोटी अडीचशे. दोनशे ऐंशी. तीनशेच्या वर. शेवटच्या रकान्यात शेरा, त्यांच्या गोल गोल अक्षरात: तहान जास्त. पायाला मुंग्या. चव कडू. तहान जास्त. मी म्हणाले, मामू, एवढी वाढत होती तर थांबलात का नाही? ते म्हणाले, एंड पॉइंट यायच्या आधी तोटी बंद करायची नसती.

नांदेडला मी आणि मामी घेऊन गेलो. उजव्या डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. तो केस म्हणजे रक्ताची तार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिचं जाळं झालं, संध्याकाळपर्यंत पडदा. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, गोळी बंद केल्यानं झालं का? ते म्हणाले, पडद्याला आधीच खराबी होती, कशामुळं आणि कधी फुटलं हे एका गोष्टीवर बोट ठेवून सांगता येणार नाही. पण साखर इतकी ठेवायला नको होती. मला त्यांनी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हटलं असतं तरी. त्यांनी दोन्ही म्हटलं नाही, आणि तेच मी घेऊन हिंडते आहे.

ऑपरेशन झालं, पण उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच राहिलं. डाव्याला लेसर सुरू केलं. गोळ्या परत, वर इन्सुलिन.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. मामू बाजेवर बसले होते. मामी पलीकडं लसूण सोलत होती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, मामू, तुमी विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं. मी तो भाग वाचलाच नव्हता.

 मामीचे हात थांबले. मामू म्हणाले,

"मग तसं म्हणायचं होतं. मी काय, नापास करणार होतो का तुला?"

रागानं म्हणाले असते तर मी रडले असते. त्यांना खरंच कळत नव्हतं, एवढी सोपी गोष्ट मला का जमली नाही ते. मामी मात्र माझ्याकडं न बघता, लसणाकडं बघत म्हणाली,

"ये तो नववी फेल हैं, बेटी. तू तो पढी-लिखी थी."

त्यानंतर मामी कधीच त्यावर बोलली नाही. मी गेले की चहा करायची, माझ्या चहात आठवणीनं आलं टाकायची. पण मला बेटी म्हणाली ती तेव्हाच शेवटची. पुढं मॅडम.

थोड्या दिवसांनी मामूंनी निरोप पाठवला, ते कोकोच्या लेखाचे कागद घेऊन ये. आणि म्हणाले, आता सगळं वाच. पहिल्या ओळीपासून. समजंल तेवढं मराठीत सांग, न्हाई समजलं तिथं न्हाई म्हण. चार दुपारी लागल्या. मी वाचत होते आणि मला पहिल्यांदा कळत होतं की त्या लेखात काय आहे. रक्तवाहिन्यांना थोडा फायदा दिसला होता, काही अभ्यासांत, काहींत नाही. इन्सुलिनचं म्हणाल तर कुठं बरं, कुठं काहीच नाही. उपाशीपोटीची साखर बहुतेक ठिकाणी जिथल्या तिथं. वापरलेला कोको मोजून-मापून तयार केलेला, दुकानातला नाही. आणि तिसऱ्या पानावर एक साधी ओळ होती, की भाग घेणाऱ्यांनी, कोको मिळालेल्यांनी आणि न मिळालेल्यांनीही, आपली नेहमीची औषधं होती तशीच चालू ठेवली.

मामू म्हणाले, परत वाच. मी परत वाचली. मामूंनी चष्मा काढला, तुकड्यानं दोन्ही भिंगं पुसली, गेलेल्या डोळ्याचंही, आणि परत घातला.

"म्हंजे गोळी दोन्ही बाजूला सारखीच. दोन्ही फ्लास्कमदी सारखं टाकलं की ते आपोआप कटतं. जन्मभर हेच करत आलो की मी. माझ्या अंगावर आलं तेव्हा सुचलं न्हाई."

मला सोडवण्यासाठी ते असं म्हणाले का, हे मला माहीत नाही.

आणि मग त्या माणसानं प्रयोग परत लावला. मामीनं डोक्याला हात मारला. मामू स्वतः डॉक्टरांना विचारून आले: गोळी आणि इन्सुलिनला हात लावणार न्हाई, नुसता कोको, बिनसाखरेचा, चालंल का? डॉक्टर म्हणाले, उरलेला डोळा सांभाळून काय करायचं ते करा, पण आकडे मला दाखवत जा. दोन महिने कोको, दोन महिने बिनकोकोचे. साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा मामी वाचायची. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे शिलाईच्या टेपवरून येत होते. एकशे तीसच्या पुढं गेला की ती आकड्याआधी एक शिवी द्यायची, त्यामुळं मामूंना आधीच कळायचं. चार महिन्यांनी त्यांनी जाड स्केचपेननं, ओळी सोडून, मोठ्या अक्षरात निकाल लिहिला. कोको: साखरेत फरक नाही. खाली सही. मी म्हणाले, एका माणसावरून तसं म्हणता येत नाही मामू. ते म्हणाले, मग तसं बी लिही. मी खाली लिहिलं.

ते प्रयोगशाळेत परतले. सरांनी हलकं काम देऊ केलं, रजिस्टरचं, खुर्चीत बसून. त्यांनी नको म्हटलं. ब्युरेटसमोर उभे राहिले की मान सगळी उजवीकडं वळवायचे, डावा डोळा नळीसमोर आणायला. नवी पोरं आधी हसायची, मग ती पद्धत म्हणून तशीच मान वळवायची. मी त्यांना सांगितलं नाही की तशी गरज नसते.

आता ती प्रयोगशाळा माझ्याकडं आहे. पोरांनी विचारलेलं येत नसलं की मी माहीत नाही म्हणते, मोठ्यानं. सोपं आहे, खरंच. दरवेळी ते किती सोपं आहे हे कळतं, आणि दरवेळी तेच टोचतं. दुपारी खोली रिकामी असते तेव्हा कधी कधी मला कापडाचा आवाज येतो, काचेवरून, वरून खाली, वरून खाली. मी जाऊन बघते. लख्ख काच असते, तरी एकदा पुसून ठेवते.

मामूंना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर, आखाडा बाळापूरच्या स्टँडवर. बाजाराचा दिवस. आमची जीप प्रवासी भरायला थांबली होती आणि खिडकीपासून दोन हातांवर, बाकावर ते बसलेले. मी त्यांच्या उजव्या बाजूला होते. म्हणजे मी त्यांना दिसत नव्हते. त्यांनी पिशवीतून डबा काढला, अर्धी भाकर खाल्ली, डबा झाकला. मग गोळ्यांची पट्टी काढली, मान वळवून डाव्या डोळ्यापाशी नेली, नाव वाचलं, उलटी करून तारीख वाचली. गोळी तळहातावर घेतली, पुन्हा एकदा पाहिली आणि पाण्याबरोबर घेतली. इतकं शांतपणे की मला हाक मारवली नाही. जीप सुटली. त्यांनी मान वळवली नाही, वळवायचं काही कारण नव्हतं. त्याच थंडीत ते छातीच्या दुखण्यानं गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

मामूंनी नोकरीची वर्षं पुरी केली. शेवटच्या दिवसापर्यंत ब्युरेट स्वतः वाचली. डावा डोळा गेला नाही.